कागदावर साडेचारशे, घाटात किती? इलेक्ट्रिक गाडी, बॅटरी आणि कोकणचा रस्ता

घाटवाट

मंडळी, इलेक्ट्रिक गाडी घेऊन सात महिने झाले. पुण्यात रोजची ये-जा चाळीस किलोमीटर, आठवड्यातून दोनदा घरी चार्ज करते आणि एकदाही पंपाची आठवण आलेली नाही. गाडीवर जीव जडलाय. म्हणूनच हा प्रश्न मनापासून विचारते आहे.

मे महिन्यात सासरी गुहागरला निघालो. आम्ही पाच जण आणि डिकी भरून सामान. बॅटरी ४० युनिटची, कंपनीच्या कागदावर साडेचारशे किलोमीटर. पुणे ते गुहागर कुंभार्ली घाटामार्गे साधारण पावणेतीनशे, म्हणजे मध्ये न थांबता पोचायला हवं होतं. प्रत्यक्षात एकशेचाळीस किलोमीटरवर, उंब्रजच्या अलीकडे, ४६ टक्के उरले. वेग नव्वदच्या आसपास, एसी चालू. तिथला एक चार्जर बंद होता आणि दुसऱ्यावर आमच्या पुढे दोन गाड्या होत्या. सासूबाईंची औषधाची वेळ टळून गेली, पोरं रडकुंडीला आली. गुहागरला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते.

आता खरा प्रश्न. येताना चिपळूणपासून घाटमाथ्यापर्यंत पंचवीसेक किलोमीटरात १५ टक्के गेले. जाताना त्याच रस्त्याने उतरलो तेव्हा फक्त २ टक्के परत मिळाले होते. शोरूममधला मुलगा तर म्हणाला होता, "उतारावर चार्ज होते की मॅडम, चढाचं फिटून जातं." मग बाकीचे १३ टक्के गेले कुठे? गाडीत काही दोष आहे, की बॅटरीची धावच एवढी? आणि पुढच्या पाच वर्षांत हे बदलणार आहे का?

गाडीचं नाव मुद्दाम देत नाही. भांडण कंपनीशी नाही, मला समजून घ्यायचं आहे.

दूरचा_पल्ला

ताई, राग मानू नका, पण या एका कारणासाठी मी डिझेल सोडत नाही. पुणे-हैदराबाद महिन्यातून दोनदा करतो. एकदा टाकी भरली की साडेआठशे किलोमीटर निवांत. तेल भरायला पाच मिनिटं. गावात ठीक आहे हो इलेक्ट्रिक, पण लांबच्या रस्त्याला अजून दम नाही.

रांगडा

पल्लाभाऊ, दम नाही म्हणू नका. आमच्या मित्राची गाडी एकदा चालवून बघा. सिग्नल सुटला की पाठ सीटला चिकटती. मोटरला पहिल्या फेऱ्यापासनं पूर्ण जोर असतोय, इंजिनासारखं दीड-दोन हजार फेऱ्यांची वाट बघावी लागत नाही. कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर ऊसाची ट्रॉली ओलांडताना जो विश्वास वाटतो, तो मला डिझेलमध्ये कधी मिळाला नाही.

पण एक आहे. आंबोली घाट चढताना एकदा ६ टक्क्यांवर होतो. डॅशबोर्डवर कासवाचं चित्र आलं आणि गाडी खरोखर कासवागत चालायला लागली. मागं बसलेली भाची म्हणाली, "मामा, आता सशाची शर्यत आपणच जिंकणार." घाटमाथ्यावर हॉटेलात दोन तास वायर लावून बसलो, तेवढ्यात तिनं चार प्लेट भजी संपवली.

कार्यशाळा

घाटवाटताई, तुम्ही आकडे नीट टिपून ठेवलेत त्याबद्दल आधी आभार. त्यांच्यावरच हिशेब मांडतो. तुमच्या गाडीत दोष नाही.

गाडी दीड टनाची धरू. पाच माणसं आणि सामान मिळून चारशे किलो. एकूण १,९०० किलो वजन साधारण ६०० मीटर उंच उचलायचं. वजन गुणिले ९.८ गुणिले उंची म्हणजे साधारण एक कोटी बारा लाख ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे निव्वळ उंची गाठायला ३.१ युनिट. ही किंमत चुकवायचा कोणताही मार्ग नाही, गाडी कुणाचीही असो, इंधन काहीही असो.

त्यावर टायरचं घर्षण आणि हवेचा रोध. पंचवीस किलोमीटरला दीड युनिटच्या आसपास. झाले ४.६. बॅटरीतून चाकापर्यंत जाताना दहा-बारा टक्के उष्णतेत जातात, म्हणजे बॅटरीतून निघाले ५.२. मे महिन्यात एसी अर्ध्या तासाहून जास्त चालला, तो अर्धा-पाऊण युनिट खातो. सगळे मिळून सहा. तुमच्या ४० युनिटच्या बॅटरीचे १५ टक्के म्हणजे सहाच!

आता उतार. वरून खाली येताना तेच ३.१ युनिट गुरुत्वाकर्षण परत देतं. पण टायर आणि हवा उतरतानाही आपलं घेतातच, दीड युनिट. उरले १.६. ते चाकातून मोटर, मोटरमधून बॅटरी असं उलट जाताना वीसेक टक्के गळती, म्हणजे १.३. एसीने अर्धा खाल्ला. हातात आलं पाऊण युनिट. दोन टक्के.

म्हणून शोरूममधल्या मुलाचं "फिटून जातं" हे बरोबर नाही. पण डिझेल गाडी उतरताना ते उरलेले १.६ युनिट सगळेच्या सगळे ब्रेकच्या चकत्या आणि इंजिन तापवून हवेत सोडते, हेही ध्यानात ठेवा. तुमच्या गाडीने त्यातलं काहीतरी परत आणलं, शिवाय उतारावरचा एसी फुकटात चालवला.

घाटवाट

कार्यशाळा, हे वाचताना अंगावर काटा आला. सहा म्हणजे सहाच! आज नवऱ्याला आणि सासूबाईंना कागदावर मांडून दाखवलं. खूप आभार.

टेबललँड

उताराचं निघालंच आहे तर माझा अनुभव नोंदवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आम्ही पाचगणीला राहतो. रात्री घरी १०० टक्के चार्ज करून सकाळी पसरणी घाटाने वाईला उतरले. निम्म्या घाटात जळका वास. वरती बॅटरी पूर्ण भरलेली, त्यामुळे उतारावर तयार होणारी वीज ठेवायला जागाच नाही. गाडीने ती घेणं बंद केलं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर आला. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून डोंगरावरून निघताना ८५-९० च्या वर भरत नाही. महाबळेश्वर, माथेरानच्या वेशीवरचं दस्तुरी, तोरणमाळ, कुठूनही उतरणाऱ्यांनी कृपया लक्षात ठेवा. वृद्ध माणसं गाडीत असताना ही गंमत नाही.

आकडेमोड

कागदावरच्या साडेचारशेबद्दल लिहितो. तो आकडा खोटा नसतो, पण त्याची परीक्षा कुठल्या रस्त्यावर झाली ते पाहायला हवं. आपल्याकडची चाचणी रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाच्या तक्त्यानुसार होते. एसी बंद. शहरी भागात थांबत-चालत हळू वेग, दुसऱ्या भागातही कमाल वेग ताशी ९० आणि तोही थोडाच वेळ. आधी बरेचसे दावे नुसत्या शहरी भागावरचे असायचे.

टाटांनी २०२४ मध्ये कर्व्ह आणली तेव्हा ५५ युनिटच्या गाडीचा शहरी भागावरचा आकडा ५८५ किलोमीटर होता. शहर आणि महामार्ग दोन्ही भाग धरून तो ५०२ झाला. आणि बहुतांश ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल असा म्हणून त्यांनी 'सी ७५' नावाचा आकडा दिला तो ४०० ते ४२५. एकाच गाडीचे तीन आकडे! जाहिरातीत तिसरा आधी छापावा, हे माझं ठाम मत आहे.

झाडीपट्टी

चंद्रपूरहून. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते हे सांगायला नको. त्यात समृद्धीवर गाडी घालायची म्हणजे परीक्षाच. मी उन्हाळ्यात तीन वेळा मुद्दाम वेग ठरवून गाडी चालवली आणि वहीत लिहून ठेवलं.

ताशी ८० ला एका युनिटमध्ये ७ किलोमीटरच्या जरा वर. १०० ला साडेपाच-पावणेसहा. ११५ ला पावणेपाच.

गाडी तीच, बॅटरी तीच, डायवर तोच. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढते हे शाळेत शिकलो होतो, पण समृद्धीने शिकवलं ते जास्त लक्षात राहिलं. पुण्या-मुंबईच्या गर्दीत थांबत-चालत गाडी जास्त पळते अन् मोकळ्या रस्त्यावर कमी, हे डिझेलवाल्यांना पटत नाही, पण असंच आहे बाप्पा.

एक हिशेब. ३०० किलोमीटर जायचं. ९० ने गेलो तर तीन तास वीस मिनिटं, ११० ने दोन तास चव्वेचाळीस. वाचली छत्तीस मिनिटं. पण तेरा-चौदा युनिट जास्त लागले. तीस किलोवॉटच्या चार्जरवर ते भरायला सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं, वरून बाहेर पडून पुन्हा रस्त्याला लागायचा वेळ. हातात काय आलं?

दूरचा_पल्ला

झाडीपट्टी, हिशेब पटला. पण माझा मुद्दा तसाच राहतो ना! मला ११० ने जायचं असेल तर गाडीने मला का अडवावं? ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर १२० ची मुभा आहे. रस्ता तयार आहे, माझी घाई खरी आहे, आणि बॅटरी म्हणते हळू चल. ही मर्यादाच झाली.

निवृत्त_मास्तर

मर्यादाच आहे, आणि ती मान्य करून बोललं तर चर्चा पुढे जाईल. मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. जमेल तसं सांगतो.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट उष्णता असते. म्हणजे घाटवाटताईंची ४० युनिटची, अडीच-तीनशे किलोची बॅटरी म्हणजे चार लिटर डिझेल. चार लिटर! दुधाच्या किटलीत मावेल एवढं. इंजिन त्यातलं दोन तृतीयांश धुरात आणि रेडिएटरमध्ये घालवतं, मोटर जवळपास सगळं चाकाला देते, म्हणून प्रत्यक्ष कामात ती बॅटरी दहा-अकरा लिटरच्या बरोबरीने उतरते. तेवढ्यावर पाच माणसं घेऊन अडीचशेहून जास्त किलोमीटर! मला तर यात बॅटरीचं दारिद्र्य दिसण्याआधी मोटरची श्रीमंती दिसते.

आता हे अंतर का आहे? डिझेल अर्ध्याहूनही कमी माल सोबत नेतं. जळायला लागणारा प्राणवायू वाटेत हवेतून फुकट घेतं आणि धूर मागे टाकून देतं. बॅटरीला सगळा संसार पाठीवर घेऊन फिरावं लागतं: लिथियम, त्याला ठेवायचा ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूची धातूंची संयुगं, तांबं, ॲल्युमिनियम, द्रावण, पेटी. ग्रॅफाइटमध्ये लिथियमचा एक अणू बसवायला कार्बनचे सहा अणू लागतात. काम करणारा एक आणि त्याला घर द्यायला सहा.

सोनीने १९९१ मध्ये पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तेव्हापासून आजवर एका किलोत मावणारी वीज ढोबळमानाने तिप्पट झाली, आज चांगल्या सेलमध्ये पाव युनिट किंवा थोडं अधिक. तीस वर्षांत तिप्पट ही रसायनशास्त्रात मोठी झेप आहे. मोबाइलच्या चिपशी तुलना करू नये. चिपमध्ये रेघा बारीक करता येतात, अणू बारीक करता येत नाही.

मोगरा

मास्तर, प्रतिसाद वाचनखुणेत ठेवला. एक बाळबोध प्रश्न. ८० टक्क्यांपर्यंत भराभर चार्ज होतं आणि पुढचे २० टक्के जीव खातात, ते का? मोबाइलचंही तसंच.

निवृत्त_मास्तर

मोगरा, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. गणपतीच्या दिवसांतली स्वारगेटची एसटी डोळ्यापुढे आणा. गाडी रिकामी असते तेव्हा माणसं धावत चढतात आणि दिसेल ती जागा पकडतात. निम्मी भरली की नव्या माणसाला आत सरकत जागा शोधावी लागते. आता कंडक्टरने मागून तसाच रेटा चालू ठेवला तर काय होईल? माणसं दारातच अडकतील, पायरीवर, टपावर बसतील.

लिथियमचे आयन तसेच ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. जागा कमी झाली तरी जोर लावत राहिलो तर ते आत न जाता पृष्ठभागावरच धातू होऊन बसतात. तसे बसलेले बरेचसे पुन्हा कामाला येत नाहीत, म्हणजे बॅटरीची धाव कायमची कमी. आणि त्या धातूचे काटे वाढत पलीकडे टेकले तर आतल्या आत शॉर्ट. म्हणून गाडीचा मेंदू स्वतःच रेटा कमी करतो. थंडीत तर आयन आळसावतात, तेव्हा आणखीच जपावं लागतं.

ओस्लोचा_नाशिककर

थंडीचं निघालं म्हणून लिहितो. नऊ वर्षं ओस्लोत आहे, दुसरी इलेक्ट्रिक गाडी चालवतोय. २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. उणे पंधरात माझी गाडी उन्हाळ्यापेक्षा पाव ते एक तृतीयांश कमी धावते. इंजिनाची वाया जाणारी उष्णता नसते, त्यामुळे केबिन गरम ठेवायलाही बॅटरीच लागते. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं यंत्र) असेल तर हे नुकसान कमी होतं.

इथली मोटार संघटना, नाफ, हिवाळ्यात बाजारातल्या बऱ्याच गाड्या एकाच दिवशी एकाच रस्त्यावर, पार बंद पडेपर्यंत चालवते आणि निकाल जाहीर करते. लोक गाडी घेताना कंपनीच्या आकड्यांइतकाच तो निकाल वाचतात. आपल्याकडे कुणीतरी हे मे महिन्यात चंद्रपूर-नागपूर रस्त्यावर आणि पावसात कुंभार्लीवर करायला हवं. झाडीपट्टी यांनी वहीत लिहिलंय ते हेच काम आहे, फक्त एका माणसाचं.

पल्लाभाऊ, इथेही सुरुवातीला सगळे हेच बोलायचे, हैदराबादच्या जागी बर्गन म्हणायचे.

स्टेअरिंग_तीन_पाळ्या

मी टॅक्सी चालवतो, पुणे विमानतळ आणि मुंबई. माझं पोट यावर आहे म्हणून दोन शब्द. रोज अडीचशेच्या आत-बाहेर होतं. आधी सीएनजीच्या रांगेत रोज तास-दीड तास जायचा, आता जेवायला बसतो तेव्हा गाडी पण जेवते. एक लाख साठ हजार किलोमीटर झाले, नवीन असताना जेवढी पळायची त्यापेक्षा दहा-बारा टक्के कमी पळते. लोक घाबरवायचे की तीन वर्षांत बॅटरी जाईल. गेली नाही.

पण बोरघाटाचं सांगतो. खोपोलीहून लोणावळा चढताना खाली १५ टक्के असतील तर मी चढत नाही, खालीच भरतो. पॅसेंजरला मुलाखतीला किंवा दवाखान्यात पोचायचं असतं. त्याच्या वेळेशी आपण खेळायचं नाही.

पेशवेपार्क

माझ्या मेकॅनिकने सांगितलं की कधीही ८० च्या वर चार्ज करायचं नाही. गाडीच्या पुस्तकात मात्र आठवड्यातून एकदा १०० करा असं लिहिलंय. कुणाचं ऐकू?

कार्यशाळा

पुस्तकाचं. बहुतेक तुमची बॅटरी एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) जातीची आहे. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) जातीची असेल तर रोजच्या वापराला ८०-९० बरं. मेकॅनिकचा सल्ला त्या जातीसाठी होता.

एलएफपीची अडचण अशी की तिचा दाब (व्होल्टेज) मधल्या मोठ्या टप्प्यात जवळपास सपाट असतो. ७० टक्के असो वा ३०, आकडा तोच. त्यामुळे गाडीला किती शिल्लक आहे ते दाबावरून कळत नाही, आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याची बेरीज-वजाबाकी करत राहावी लागते, आणि त्यात हळूहळू चूक साठते. १०० वर दाब चढतो, तिथे हिशेब जुळवून घेता येतो. महिनोन् महिने ८० वर थांबणाऱ्यांना अचानक १२ चे ४ टक्के झालेले दिसतात, ते यामुळे. कुणाच्या गाडीत असं झालं असेल तर आधी रात्रभर १०० पर्यंत भरून बघा.

निवृत्त_मास्तर

कार्यशाळांना दुजोरा. जोड एवढीच की एलएफपी म्हणजे लोखंड, फॉस्फेट आणि लिथियम. सेलचा दाब ३.२ व्होल्ट, एनएमसीचा ३.६-३.७, त्यामुळे एका किलोत वीज कमी मावते. पण फॉस्फेटमध्ये प्राणवायू घट्ट बांधलेला असतो, तापल्यावर सहज सुटत नाही, म्हणून आगीचा धोका बराच कमी. आपल्या उन्हाळ्याला ही सोशिक जात बरी.

आणि हे सांगताना माझा ऊर भरून येतो: या पदार्थावरचा १९९७ चा मूळ शोधनिबंध जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतला, आणि त्यावर पहिलं नाव आहे अक्षय पाढी, दुसरं नंजुंडस्वामी. गुडइनफना २०१९ चं नोबेल व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्याबरोबर मिळालं, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट दर वर्षी सांगायचो.

कुतूहल

अवांतर: इलेक्ट्रिक गाडी नवीन नाही. मोटारींमध्ये ताशी शंभर किलोमीटरचा वेग सर्वात आधी ओलांडला तो इलेक्ट्रिक गाडीनेच, एप्रिल १८९९ मध्ये फ्रान्समध्ये, बेल्जियमच्या कामिल जेनात्झीने. गाडीचं नाव 'ला जामे काँताँत', म्हणजे कधीही समाधान न मानणारी. वेग तेव्हाही होता, पल्ला नव्हता. आपल्याकडे बंगळुरूची रेवा २००१ मध्ये आली ती शिशाच्या बॅटरीवर.

झाडीपट्टी

माझा एक प्रश्न कुणी घेईल का? आमच्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. त्याची राख आमच्या छपरावर पडते. पुण्यातली गाडी स्वच्छ, पण धूर आमच्याकडे. हा हिशेब कुणी करते का?

आकडेमोड

झाडीपट्टी, बरं झालं विचारलंत. देशातल्या सरासरी विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड येतो. युनिटला साडेसहा किलोमीटर आणि तारेतली, चार्जरमधली गळती धरली तर किलोमीटरला १२५-१३० ग्रॅम. पंधराचं ॲव्हरेज देणारी पेट्रोल गाडी धुराड्यातूनच १५४ ग्रॅम सोडते, तेल शुद्ध करून आणण्याचा खर्च वेगळा. म्हणजे आज फायदा आहे, पण बॅटरी बनवतानाचं उत्सर्जन धरलं तर ते फेडायला गाडी बरीच चालावी लागते. सौर-पवन वाढेल तशी तीच जुनी गाडी आपोआप स्वच्छ होत जाईल, पेट्रोलची होणार नाही.

पण छपरावरच्या राखेचं उत्तर या सरासरीत नाही. तुमचा प्रश्न खरा आहे आणि पुण्या-मुंबईत गाडी चार्जला लावणाऱ्या आम्ही सगळ्यांनी तो आपला मानला पाहिजे.

मोगरा

घन बॅटरी, सोडियम बॅटरी, पाच मिनिटांत चार्ज... रोज नवी बातमी येते. गाडी आत्ता घ्यावी की थांबावं?

निवृत्त_मास्तर

घन अवस्थेतल्या बॅटरीत ग्रॅफाइटची सहा अणूंची घरं काढून शुद्ध लिथियम वापरता येईल ही आशा. पण तेच काटे घन थरालाही भेगा पाडून घुसतात आणि दोन घन पृष्ठभाग हजारो वेळा फुगून-आकसूनही चिकटून राहायला हवेत. प्रयोगशाळेत जमतं, लाखो गाड्यांच्या किमतीत बसवणं अवघड. सिलिकॉन ग्रॅफाइटच्या जवळपास दहापट लिथियम सामावतो, पण भरताना फुगून तिप्पट-चौपट होतो आणि चुरा होतो, म्हणून सध्या चिमूटभर मिसळतात. सोडियम स्वस्त, मिठातून मिळणारा, थंडीतही चांगला, पण त्याच्या बॅटरीत किलोमागे वीज कमी मावते. रिक्षा, छोट्या गाड्या, घरची साठवण यांना तो शोभेल.

तुमचा रोजचा रस्ता आजच्या गाडीत बसत असेल तर थांबू नका. बसत नसेल तर बातमीवर घेऊ नका.

तारतंत्र

घाटवाटताई, तुम्ही गुहागरला चार-पाच दिवस राहिलात. मग घरी गाडी भरली की नाही, ते लिहिलं नाहीत?

घाटवाट

तारतंत्र, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. १५ अँपिअरच्या सॉकेटला लावली तर चार्जरवर लाल दिवा. बोर्ड बदलला, तरी लाल. शेवटी चिपळूणला जाऊन भरली.

तारतंत्र

वाटलंच. अर्थिंग नाही. कोकणात निम्म्या घरांत हीच गोष्ट. पंखा-फ्रीज अर्थिंगशिवाय चालतात, म्हणून कुणाला पत्ता नसतो, गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि मगच वीज घेतो. बरोबरच करतो, ओल्या अंगणात जीवाचा प्रश्न आहे. चुकूनही कुणाच्या सांगण्यावरून न्यूट्रल-अर्थ जोडून त्याला फसवू नका!

जांभ्यात विजेला वाट मिळत नाही, त्यात मे महिन्यात जमीन कोरडी ठक्क. विहिरीजवळ किंवा मोरीच्या पाण्याजवळ खोल खड्डा घ्या, पट्टी नाहीतर पाइप गाडा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नळी ठेवा. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या ओता. मीटरपासून वेगळी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि गळती तोडणारं आरसीसीबी. काम झाल्यावर मोजून घ्या. रात्री आठला लावलीत तर सकाळपर्यंत गाडी भरपूर वर आलेली असेल.

जांभा

गुहागर तालुक्यातूनच लिहितोय. तारतंत्र म्हणतात ते शंभर टक्के. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेजही पडतं, तेव्हा रात्री अकरानंतर लावलेली बरी. आम्ही गेल्या वर्षी विहिरीकाठी अर्थिंग केलं, मुंबईहून येणारे तीन चुलतभाऊ आता आमच्याच अंगणात गाड्या भरतात. काकू त्यांच्याकडून दर वेळी एक नारळाचं रोप लावून घेते. सात झाली.

घाटवाट

गणपतीला जाऊन आले, म्हणून धागा वर काढते.

यंदा वेग ८० धरला, टायरची हवा निघण्याआधी तपासली. उंब्रजला ५२ टक्के होते, मेमध्ये ४६. पंचवीस मिनिटं चार्जला लावली, तेवढ्यात सासूबाईंचं जेवण-औषध झालं. ८० वर निघालो आणि गुहागरला ३९ टक्के घेऊन उजेडी पोचलो. दिरांनी विहिरीजवळ खड्डा घेऊन ठेवला होता, तारतंत्रांचा प्रतिसाद छापून वायरमनच्या हातात दिला होता. पहिल्यांदा हिरवा दिवा लागला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

येताना १०० वर निघालो. घाटमाथ्यावर ६९. या वेळी कुंभार्ली चढताना आकडा खाली जाताना बघून भीती वाटली नाही. धाकटा मागून मोजत होता, "आता एक युनिट उंचीचं, आता दुसरं." साताऱ्याला वीस मिनिटं थांबलो तेवढंच.

पल्लाभाऊ, तुमच्या हैदराबादला अजूनही आमची गाडी थकेल, ते मान्य.

दूरचा_पल्ला

ताई, मनापासून आनंद झाला. बायकोच्या शाळेच्या ये-जासाठी एक इलेक्ट्रिक बघतोय. रोजचे छत्तीस किलोमीटर. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये पॉइंट घ्यायला समिती नाही म्हणते आहे. कुणी यातून गेलंय का?

तारतंत्र

घरच्या जोडणीवरून स्वतःच्या जागेत गाडी चार्ज करायला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत मुभा आहे. ती प्रत आणि तुमच्या मीटरचा मंजूर भार अर्जाला जोडा. सोबत पार्किंगपर्यंत वायर कुठून जाणार त्याचा नकाशा काढून द्या, समितीची निम्मी भीती आगीची असते. मीटरपासून जागेचं अंतर किती आहे ते सांगा, वायर काढून देतो.

दूरचा_पल्ला

उद्या टेपने मोजून लिहितो.